भीमपलासीची दुपार, गिटारची रात्र

शनिवारची दुपार आहे, १७ जून १९६७. कॅलिफोर्नियातल्या माँटेरी गावी, जत्रेच्या मैदानाच्या फाटकाशी तुम्ही उभे आहात आणि तुम्हाला थंडी वाजते आहे. जूनमधला उन्हाळा म्हणून पातळ सुती सदरा घालून निघालात. पण पॅसिफिकचं पाणी इथे बारमाही गार असतं आणि त्यावरून येणारं धुकं भर दुपारीही पुरतं हटत नाही. आजूबाजूला पाहिलंत तर बाकीच्यांना हे ठाऊक आहे. कोणी ब्लँकेट पांघरलंय, कोणी आजोबांच्या काळातला लष्करी कोट चढवलाय, कोणी मखमलीचा जुना पडदाच फाडून अंगावर घेतल्यासारखा झगा घातलाय.

आणि मग तुम्हाला कुडते दिसू लागतात. गळ्यात मण्यांच्या माळा, कपाळावर पट्टी, पायात चामडी सपाता. शालींवरची कोयरी तर पावलोपावली. आपल्याकडे याच वर्षी कॉलेजात जाणारा मुलगा टेरिलीनच्या पँटसाठी बापाकडे हट्ट धरतोय, आणि इथे गोऱ्या तरुणांनी आपल्या आजोबांचे कपडे अंगावर चढवलेत! हसू नका. ही नुसती हौस नाही. सूट, टाय आणि भांग पाडलेले केस म्हणजे नोकरी, कर्ज आणि व्हिएतनामला जाणारं विमान, असं यांतल्या पुष्कळांना मनापासून वाटतं. जे अंगावर नको, ते त्यांनी आधी अंगावरून उतरवलंय.

फाटकावरचे पोलीस धास्तावलेले आहेत. एवढे लांब केसांचे लोक गावात आले तर काय होईल, या चिंतेने ज्यादा कुमक मागवलेली. पण कुठे काही घडत नाही. हवाईहून विमानाने आणलेली ऑर्किडची फुलं सगळीकडे आहेत. उद्यापर्यंत ती पोलिसांच्या शिरस्त्राणांवरही खोवलेली दिसतील. कुठल्याशा दुकानातून बीटल्सची ‘सार्जंट पेपर’ ही नवी तबकडी ऐकू येते. बाजारात येऊन तिला जेमतेम दोन-तीन आठवडे झालेत.

आत या. याच मैदानात १९५८पासून जॅझचा महोत्सव भरतो, त्यामुळे लाकडी रंगमंच पक्का आहे. समोर घडीच्या खुर्च्या, साधारण सात हजार. तिकीट तीन डॉलरपासून साडेसहा डॉलरपर्यंत. ज्यांना खुर्ची मिळाली नाही ते मागच्या हिरवळीवर बसून नुसतं ऐकताहेत. महोत्सव उभा केलाय तो ‘द मामाज अँड द पापाज’चा जॉन फिलिप्स आणि निर्माता लू अ‍ॅडलर यांनी. कलावंतांना बिदागी नाही. येण्याजाण्याचा, राहण्याचा खर्च तेवढा मिळतो, उरलेला पैसा धर्मादाय कामाला. एकच अपवाद आहे: सतारवादक रविशंकर. त्यांच्याशी करार आधीच झालेला होता, आणि ते उद्या दुपारी वाजवणार आहेत.

आज दुपारी मात्र तुम्ही इथे एका खास कारणासाठी आलात. आत्ता जे दिसणार आहे ते पुढे कोणालाच पाहायला मिळणार नाही. डी. ए. पेनिबेकर आपल्या सहकाऱ्यांसह सोळा मिलिमीटरचे कॅमेरे खांद्यावर घेऊन महोत्सवाचा चित्रपट करतोय, पण ‘बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनी’ या बँडच्या व्यवस्थापकाने चित्रीकरणाला नकार दिलाय. कॅमेरे खाली आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या बाहेर हा बँड फारसा कोणाला माहीत नाही. मधोमध एक चोवीस वर्षांची मुलगी येते. टेक्ससमधल्या पोर्ट आर्थर नावाच्या तेल शुद्ध करणाऱ्या गावातली, जॅनिस जॉप्लिन.

तिच्या पायाकडे बघा. ‘बॉल अँड चेन’ हे बिग ममा थॉर्नटनचं ब्लूज. सुरुवातीला ती ते दबक्या आवाजात म्हणते आणि तेवढा वेळ तिची टाच जमिनीवर ठेका धरून असते. मग आवाज फाटतो. फाटतो म्हणजे बेसूर होत नाही. एकाच वेळी दोन-तीन सूर घशातून बाहेर पडायला धडपडताहेत असं वाटतं. टाच आता आपटते, गुडघे वाकतात, मायक्रोफोन दोन्ही हातांत घट्ट धरलेला. गोड गळ्याच्या, नीटनेटक्या, मंद हसणाऱ्या गायिकांची ज्यांच्या कान-डोळ्यांना सवय, ते खुर्च्यांच्या कडेला सरकलेत. सुंदर दिसण्याची जी अट तिच्या काळाने गाणाऱ्या बाईवर घातली होती, ती ही मुलगी पाळतच नाही. मला विचाराल तर या तीन दिवसांतलं सगळ्यात धाडसी कृत्य हेच. आग वगैरे पुढची गोष्ट.

गाणं संपतं आणि मैदान उठून उभं राहतं. कॅमेऱ्यात यातलं काही नाही. बँडला चूक उमगते, आणि उद्या संध्याकाळी त्यांना पुन्हा रंगमंचावर बोलावलं जातं, मुख्यतः चित्रीकरणासाठी. उद्या ती सोनेरी झाक असलेला पोशाख घालून येईल आणि तेच गाणं तितक्याच जिवाने गाईल. समोर बसलेली गायिका कॅस एलियट तोंडाचा ‘आ’ करून पाहत राहिलेली सगळं जग पडद्यावर बघेल. पण आजची ही पहिली, जोखमीची, अनोळखी लोकांपुढची दुपार फक्त इथे बसलेल्यांची आहे. त्यांत तुम्हीही आहात.

मधल्या तासांत बँडमागून बँड येतात. बरेचसे सॅन फ्रान्सिस्कोचे, लांबलचक गिटारवादन करणारे. त्यांतलं सगळंच तुम्हाला आवडेल असं नाही, आणि आवडून घ्यायची गरजही नाही. पोटात काही ढकला, गरम कॉफी प्या, कोणाकडून तरी एखादं घोंगडं मागून घ्या. कारण रात्री पाऊस भुरभुरू लागणार आहे.

शनिवारची मध्यरात्र. मैदान बंद करायची वेळ होत आलेली, लोक थकलेले, ओले. ‘जेफरसन एअरप्लेन’ नुकतंच वाजवून गेलंय. त्यांच्यामागच्या पडद्यावर रंगीत तेलं आणि पाणी यांची सरमिसळ प्रकाशातून फेकलेली, सगळं वितळत असल्याचा भास. त्या धूसर रंगांनंतर रंगमंचावर येतात ते सूट घातलेले लोक. इस्त्रीचे, मापाचे, कडक सूट. मेम्फिसचा ‘बुकर टी. अँड द एम.जी.ज’. चारांत दोन काळे, दोन गोरे. ज्या शहरात दोघांनी एका टेबलावर जेवणं अवघड, त्या शहरातला हा बँड. त्यांच्यासोबत ‘मार-कीज’चे फुंकवाद्यवाले. हे सगळे एकदम सुरू होतात आणि एकदम थांबतात. मधे फट म्हणून सापडत नाही.

मग धावतच येतो तो ओटिस रेडिंग. पंचवीस वर्षांचा, उंच, भरदार, निळसर हिरव्या रेशमी सूटमध्ये. हा सूट नीट पाहा. इथल्या मुलांनी सूट फेकून दिला, कारण तो त्यांच्या बापांचा होता. ओटिस वाढला जॉर्जियातल्या मेकन गावी, जिथे काळ्या माणसाला मागच्या दाराने यावं लागे. तो रेशमी सूट घालतो तेव्हा कोणाची नक्कल करत नाही. आपण कोण आहोत ते तो भर रंगमंचावर सांगतो. एकाच मैदानात एकाच कपड्याचे दोन उलटे अर्थ आज रात्री तुमच्यासमोर आहेत, आणि दोन्ही खरे आहेत.

‘शेक’ने तो सुरुवात करतो आणि गारठलेले लोक खुर्च्यांवर चढतात. मग ‘रिस्पेक्ट’, हे त्याचंच लिहिलेलं, पण याच वसंतात अरेथा फ्रँकलिनने गाऊन ते स्वतःचं करून टाकलंय. तो ते मोकळ्या मनाने सांगूनही टाकतो. ‘आय हॅव बीन लव्हिंग यू टू लाँग’ला सगळं संथ होतं. प्रत्येक ओळीनंतर वाद्यवृंद थांबतो, आणि त्या थांबण्यात तो उभा आहे, डोळे मिटून, एक हात हवेत. आपल्याकडे विलंबित ख्यालात समेआधीचा क्षण जसा ताणला जातो, तशी ही रिकामी जागा तुम्ही अंगावर घेता. कॅमेरा त्याच्या पाठीमागे आहे. समोरचा झोत त्याच्या डोक्याआड लपतो, पुन्हा बाहेर येतो, आणि क्षणभर सगळं पांढरं होतं. शेवटी ‘ट्राय अ लिटल टेंडरनेस’. संथ सुरू होणारं हे गाणं हळूहळू वेग घेत जातं, आणि ड्रम्सवरचा अल जॅक्सन ते एका क्षणासाठीही घाई वाटू देत नाही.

डिसेंबरच्या १० तारखेला विस्कॉन्सिनमधल्या एका गोठत्या तळ्यात ओटिसचं विमान कोसळणार आहे. तुम्हाला हे ठाऊक आहे. इथल्या कोणाला नाही. ऐका.

रविवार, १८ जून. आकाश भरलेलं, हवेत बारीक तुषार. आज दुपारी मंचावर दुसरं कोणीही नाही. रविशंकरांनी अटच तशी घातली होती: आपल्याआधी कोणी नको, आपल्यानंतर लगेच कोणी नको. रात्री ज्या मंचावर भिंतीएवढे अ‍ॅम्प्लिफायर होते तिथे आता एक बैठक, गालिचा, फुलं आणि उदबत्तीचा वास. या वासाने तुम्ही एकदम घरी पोचता.

तिघं येऊन बसतात. मागे तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. शेजारी तबल्यावर कोण, हे तुम्हाला सांगायला नको: ज्यांच्या मनगटाखालून पंजाब घराण्याचा अवघड हिशोब हसत हसत निघतो ते अल्लारखाँ. मुंबईच्या रेडिओवर त्यांनी वर्षानुवर्षं वाजवलं, ए. आर. कुरेशी या नावाने हिंदी चित्रपटांना संगीत दिलं. आत्ता या क्षणी मुंबईत त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा झाकीर असेल. रविशंकरही मुंबईशी बांधलेले. १९६२ साली तिथे त्यांनी ‘किन्नर’ संगीतशाळा काढली आणि याच वर्षी लॉस एंजेलिसला तिची शाखा सुरू केली.

हातात सतार घेऊन मांडी घातलेला हा सत्तेचाळीस वर्षांचा माणूस मंचावर इतका सहज का दिसतो? गुरू अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्या मैहरमधल्या कठोर सात वर्षांआधीचा काळ आठवा. दहा वर्षांचं पोर असल्यापासून ते थोरले भाऊ उदयशंकर यांच्या नृत्यपथकातून पॅरिस आणि अमेरिका फिरत होते, नाचत होते. प्रकाश कुठून पडतो, मान किती वळवायची, कार्यक्रम कसा मांडायचा, हे त्यांना शरीराने माहीत आहे. काही जाणकार त्यांच्यावर याचाच ठपका ठेवतात, की हा मांडणीवर फार लक्ष देतो. मला तो आक्षेप कधीच पटला नाही. ज्यांनी सतार पूर्वी पाहिलेली नाही अशा सात हजार लोकांना तीन तास बसवायचं, तर मांडणी हा ऐकणाऱ्याचा मान आहे.

ते मायक्रोफोनवरून विनंती करतात: कृपया धूम्रपान करू नका. आणि विझतात हो सिगारेटी! दोन दिवस या मैदानावर कोणी कोणाचं ऐकलेलं नाही, आणि आता मागच्या रांगेपर्यंत लोक निमूट हात खाली घेतात.

भीमपलासी. दुपारचा राग दुपारीच, घड्याळ न बदलता, समुद्रापलीकडे. आलापीतला पहिला मध्यम येतो, कोमल गंधाराला स्पर्श करून खाली सरकतो, आणि तुमच्या छातीत काहीतरी हलतं. लहानपणी संध्याकाळच्या आधी रेडिओवर कुठेतरी हेच लागलेलं असायचं. शेजारच्या मुलीला यातलं काही माहीत नाही. आरोहात रिषभ-धैवत वर्ज्य आहेत हे तिला कोणी सांगितलेलं नाही. तरी तिची मान बरोबर त्या मींडेबरोबर वाकते. तारेला बोटाने पडद्यावर आडवं ओढून एका आघातात तीन-चार सूर काढायचे, ही सतारीची खास करामत. सूर तुटत नाही, वळतो. खालच्या तरफेच्या तारा आपणहून निनादत राहतात.

पायाकडे पुन्हा बघा. काल त्या मुलीची टाच जमीन हादरवत होती. इथे डावं पाऊल उताणं आहे आणि सतारीचा भोपळा त्याच्यावर विसावलाय. वाद्याला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. आणि इथे पायच वाद्याचा आधार झालाय. यात विसंगती नाही. तासन्‌तास त्या एका आसनात बसून पाय बधिर होतो, तरी हलवायचा नाही, हे त्या शरीराने वाद्याला दिलेलं वचन आहे. कपड्यांचा प्रश्नच मिटतो. बाहेरच्या मुलांनी अंगावर घातलेला कुडता हा वेश आहे. इथे तो रोजचा आहे, म्हणून दिसतसुद्धा नाही.

एकतालातलं तबलावादन होतं. अल्लारखाँ डोळ्यांनी हसतात, एक तिहाई उलगडतात, मुद्दाम अर्ध्या मात्रेवर सोडल्यासारखी करतात आणि समेवर आणून ठेवतात. तुमचा हात मांडीवर आपोआप ताल धरतो. टाळी, खाली, टाळी. शेजारचा दाढीवाला तरुण तुमच्या बोटांकडे बघतो आणि तसंच करू पाहतो. चुकतो, पुन्हा करतो. समेवर तुमची मान पडते तेव्हा त्याचीही पडते.

मग चार खुर्च्या पलीकडे नजर जाते. विस्कटलेल्या केसांचा एक कृश तरुण पुढे वाकून ऐकतोय. हा जिमी हेंड्रिक्स. आज रात्री वाजवणार आहे आणि आत्ता नुसता श्रोता आहे. पलीकडे गिटारवादक मायकेल ब्लूमफील्ड. ज्यांचा धंदा तारेतून सूर काढण्याचा, ते सगळे आज ऐकायला बसलेत.

शेवटची धून, दादऱ्यात सुरू होऊन द्रुत तीनतालात जाणारी. आता सतार विचारते, तबला उत्तर देतो. तुकडे छोटे होत जातात, चार मात्रा, दोन, एक, आणि मग कोणी विचारलं आणि कोणी सांगितलं ते कळेनासं होतं. दोघांचे चेहरे एकमेकांकडे वळलेले, मुलांसारखे फुललेले. झाल्याची शेवटची भरती येते, थांबते. सात हजार माणसं ताडकन उभी राहतात. टाळ्या मिनिटामागून मिनिट चालू राहतात, मंचावर फुलं येऊन पडतात, आणि रविशंकर तीच फुलं उचलून लोकांकडे परत टाकतात.

रात्र. ‘द हू’ आणि हेंड्रिक्स या दोघांनाही दुसऱ्याच्या मागून यायचं नव्हतं, कारण दोघांचाही शेवट मोडतोडीचा. नाणेफेक झाली आणि ‘द हू’ आधी आले. रॉजर डाल्ट्री झालरीची शाल पांघरून, पीट टाउनशेंड लेसचा झालरदार शर्ट घालून. अंगावर इतकी नाजूक लेस आणि हात पवनचक्कीसारखा फिरवून तारांवर घणाघात, ही लंडनची नवी शैली. ‘माय जनरेशन’च्या शेवटी धूर होतो, गिटार जमिनीवर आपटून फुटते, कीथ मून ड्रम लाथेने ढकलतो. मंचामागचे कामगार मायक्रोफोन वाचवायला धावतात. तुम्हाला दुपार आठवते आणि पोटात कालवतं. ते कालवणं लपवू नका. ते तुमचं आहे आणि योग्य आहे.

‘ग्रेटफुल डेड’ येऊन जातात. मग रोलिंग स्टोन्सचा ब्रायन जोन्स, जो लंडनहून खास यासाठी आलाय, हेंड्रिक्सची ओळख करून देतो. पिवळा चुणीदार शर्ट, लाल पँट, नक्षीची बंडी, गळ्यात पिसांची गुलाबी माळ. हा पोशाख समजायचा तर दोन-तीन वर्षं मागे जावं लागतं. लिटल रिचर्ड, आयझ्ली ब्रदर्स अशांच्या मागे हेंड्रिक्स भाड्याने गिटार वाजवत असे. तिथे नियम कडक: सगळ्यांचा एकसारखा सूट, मुख्य गायकापेक्षा कोणी उठून दिसता कामा नये; झालरीच्या शर्टावरून त्याला बोलणी बसलेली आहेत. अमेरिकेत त्याला कोणी विचारलं नाही. १९६६च्या सप्टेंबरात तो लंडनला गेला, तिथे नाव झालं, आणि आज तो आपल्याच देशात जवळजवळ परका म्हणून उभा आहे. प्रत्येक चुणी, प्रत्येक पीस हे त्या नियमांना दिलेलं उत्तर आहे.

पण कपड्यांवरून नजर हटवून हातांकडे न्या. तो डावखुरा, उजव्या हाताची गिटार उलटी धरून तारा फिरवून लावलेल्या. अंगठा इतका लांब की गिटारच्या गळ्यावरून पलीकडे वळून खर्जाची तार दाबतो, म्हणजे बाकीची चार बोटं मोकळी. ‘लाइक अ रोलिंग स्टोन’मध्ये तो गाता गाता मधेच स्वतःशी हसतो, तार आडवी ओढतो, सूर वळतो. दुपारी तुम्ही हेच ऐकलं होतं, दुसऱ्या भाषेत. त्याने ते दुपारी उचललं असं मी म्हणत नाही. तार ओढण्याची रीत ब्लूजमध्ये त्याच्या जन्माआधीपासून आहे. पण दोन्ही एका दिवशी, एका मंचावर, तुमच्या कानांनी ऐकली.

‘वाइल्ड थिंग’च्या शेवटी तो रंगवलेल्या गिटारसमोर गुडघे टेकतो, लायटरचं तेल ओततो, वाकून तिचं चुंबन घेतो आणि काडी लावतो. मंचाच्या अगदी कडेला खुर्चीवर उभा असलेला एक सतरा वर्षांचा छायाचित्रकार बटण दाबतो. ते चित्र पुढे जगभर जाईल. बोटांनी ज्वाळांना वर बोलावणारा हेंड्रिक्स आपल्या दृष्टीने काही अर्पण करतोय, हे मला दिसतं. आपल्याकडेही होम आहे, आहुती आहे. तरी मन मान्य करत नाही. ज्या लाकडाने इतका वेळ त्याला बोलू दिलं, ते जळताना पाहवत नाही. रविशंकरांनाही ते पाहवलं नाही. ओटिस आणि जॅनिस त्यांना मनापासून भावले, हेंड्रिक्सचं वादनही. पण वाद्य हा आमच्यासाठी देवाचाच अंश, या अर्थाचं ते पुढे अनेकदा बोलले. या बाबतीत मी त्यांच्या बाजूला आहे. आणि माझी खरी तक्रार वेगळीच आहे: त्या दोन मिनिटांच्या आगीपायी आधीचा सगळा हात लोक विसरतात.

यानंतर मंचावर यायचं आहे ‘द मामाज अँड द पापाज’ना. त्यांचे सुरेल, गुंफलेले आवाज आज फिके पडतात. यजमानांनी शेवटची पाळी स्वतःकडे ठेवली, त्याची किंमत ते मोजताहेत. कॅस एलियट मात्र आपल्या घोळदार झग्यात ठाम उभी राहून हसत गाते.

यापुढचं पाहायला दीड वर्ष पुढे सरका. ज्या टीव्ही वाहिनीसाठी हे चित्रीकरण झालं होतं, तिने ते नाकारलं, म्हणून १९६८च्या अखेरीस ‘माँटेरी पॉप’ चित्रपटगृहांत लागलाय. अंधारात बसा. कालक्रमाने पाहिलं तर आग सतारीनंतर यायला हवी. रविवारची रात्र ती. पेनिबेकर तसं करत नाही. हेंड्रिक्सची गिटार जळते, आणि त्यानंतर चित्रपट मागे वळतो, त्याच दिवसाच्या दुपारी, धूसर उजेडात. आधी बराच वेळ मंच दिसतच नाही. दिसतात माळा, शाली, झोपाळलेले चेहरे, फुलं, आणि वर फक्त सतार. मग हळूहळू बोटं येतात, अल्लारखाँचं हसू येतं, ऐकणारा हेंड्रिक्स येतो. जवळजवळ अठरा मिनिटं. अवघा चित्रपट सव्वा तासाच्या आसपास, त्याचा जवळपास चौथा हिस्सा. कोणाही निर्मात्याने कात्री लावायचा सल्ला दिला असता. त्याने लावली नाही, आणि तीनतालातली ती धून पूर्ण वेगाला पोचून समेवर येते तेव्हा चित्रपटगृहातले लोक, पडद्यावरच्या लोकांबरोबर, टाळ्या वाजवत उठू लागतात. तुम्हीही उठा.